अमेरिका, व्हाया लोणी

धर्माजी कंट्रोलर अमेरिकेला चालले म्हणून गावानं त्यांचा जाहीर सत्कार केला तो शुक्रवारी, आणि अमेरिकेनं त्यांना नको म्हणून सांगितलं ते पुढच्या मंगळवारी. हा क्रम उलटा असता तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं. पण पिंपरी पेंढारला सत्कार कशासाठी थांबत नाही. पोरगं पोलीस भरतीला नुसतं निघालं तरी शाल-श्रीफळ मिळतं. पुढं ते छाती मोजतानाच नापास झालं तरी गाव शाल परत मागत नाही, एवढी माणुसकी मात्र आहे.

धर्माजी ओतूरच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी तालुका त्यांना अजून कंट्रोलरच म्हणत होता. कारण त्यांचा आवाज. 'प्रवाशांनी लक्ष द्यावे, कल्याणकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे,' हे ते असं म्हणत की ज्याला कल्याणला जायचं नाही, त्यालाही आपण इथं बसून काय करतोय असं वाटावं. भोंगा बंद पडला तरी बाजारात कुणाला पत्ता लागत नसे. मात्र सगळ्या मुलखाला गाडीत बसवून देणारा हा माणूस स्वतः एका बाजूला मुंबई आणि दुसऱ्या बाजूला नगर यांच्या पलीकडे कधी गेला नव्हता. त्यामुळे मुलानं अमेरिकेहून "दादा, तुम्ही दोघं इकडे या," असा फोन केला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "व्हाया कुठून?"

मुलगा भरत संगणकातला. न्यू जर्सीत नोकरीला. सून श्रेयाला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण श्रेयाची आई देवाघरी गेलेली, आणि त्यात नवराबायकोचा ग्रीन कार्डाचा अर्ज तिथल्या सरकारदरबारी पडलेला. अर्ज आत आणि माणूस देशाबाहेर असं झालं तर सगळंच मुसळ केरात जाईल, असं तिथल्या वकिलानं बजावलं होतं. सुनेला इकडे आणायची सोय नाही, तेव्हा सासूसासऱ्यांनी तिकडे जायचं ठरलं.

हे ग्रीन कार्डाचं प्रकरण धर्माजींनी शेजारच्या संपतला समजावून सांगितलं. संपत म्हणजे पतसंस्थेचा चेअरमन आणि गावातल्या तमाम सत्कारांचा कायमचा संयोजक. तो बराच विचार करून म्हणाला, "म्हंजी बघा, आपल्याकडं रेशनकार्ड पिवळं, केशरी आन् पांढरं. तिकडं हिरवं. त्याच्यावर रॉकेल मिळतं का?"

"रॉकेल नाही. कायमचं राहायला मिळतं."

"आन् कार्ड मिळंस्तवर?"

"तोवर वाट बघायची."

"मंग ह्यात आपल्यापरीस येगळं काय हाय?" असं म्हणून संपतनं अमेरिका निकालात काढली.

व्हिसासाठी गावानं सल्ले दिले ते मात्र तोंड भरून. एकजण म्हणाला, सफारी शिवा. दुसरा म्हणाला, सफारी बघितली की त्यांना पुढारी वाटतो, त्यापेक्षा धोतर नेसा. ज्यांचा मेव्हणा वकिलातीतून हात हलवत परत आला होता, ते म्हणाले की साहेबापुढं हसू नका, हसणाऱ्याला देत नाहीत. सगळ्यांचं एकमत झालं ते सातबारावर. माणसाला परत यायला काही इस्टेट आहे हे साहेबाला दिसलं पाहिजे. मग सातबारा, आठ-अ, घराचा उतारा, विहिरीचा फोटो आणि त्या फोटोत आपण होऊन येऊन उभी राहिलेली म्हैस, असं सगळं एका पिशवीत गेलं. भिंतीपलीकडच्या ठमाबाईंनी बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करायला घेतले. ठमाबाईंना ऐकू कमी यायचं आणि कळायचं जास्त. एका गृहस्थांनी तर बाजरीची गोणी आणून टाकली. त्यांचा पुतण्या कॅलिफोर्नियात होता, आणि जाता जाता उतरवून द्या म्हणाले. धर्माजींनी नाही म्हटलं नाही. वाटेवरचा स्टॉप सोडणं कंट्रोलरला शोभत नव्हतं.

शुक्रवारी ग्रामपंचायतीसमोर मंडप पडला. "आजवर कंट्रोलरसाहेबांनी आपल्याला गाडीत बसवलं, आज गाव त्यांला इमानात बसवतंय," असं संपत म्हणाला आणि टाळ्या पडल्या. उत्तरादाखल धर्माजी बोलले. जिथे जाईन तिथे पिंपरी पेंढारचं नाव काढीन, असं त्यांनी त्या जगजाहीर आवाजात सांगितलं. जुन्नरच्या एका साप्ताहिकात फोटोसकट बातमी आली. बातमीत ते रवानाही झाले होते.

मंगळवारी मुंबई. उन्हात रांग, मग पंख्याखाली रांग, आणि शेवटी एक काच. काचेआडचा साहेब भरतपेक्षाही लहान दिसत होता. त्याच्या शेजारी दुभाषाचं काम करणारी एक मराठी बाई होती. साहेबानं आधी कुशाबाईंना विचारलं, किती दिवस राहणार?

"बाळंतीण हिंडाय-फिराय लागली का आले," कुशाबाई म्हणाल्या. "मला काय तिथं ऱ्हायाचंय? घरी म्हस हाय. ती दुसऱ्याच्या हाताला धार देत न्हाई."

बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. साहेब हसला, म्हशीची चौकशी केली आणि कुशाबाईंचा पासपोर्ट व्हिसाच्या शिक्क्यासाठी एका बाजूला ठेवला. पिशवी त्यानं उघडूनही पाहिली नाही. सातबारापेक्षा म्हशीला जास्त किंमत मिळाली हे धर्माजींना तिथंच खटकलं. इतक्यात प्रश्न आला, "तुमचा मुलगा तुम्हाला तिथे किती दिवस ठेवून घेणार आहे?"

आता हा प्रश्न आमच्या भागात बापाला विचारायचा नसतो. मुलाकडे राहायला गेलेला म्हातारा चार दिवसांत गावात दिसला की पारावर कुणीतरी हळूच म्हणतंच, "सुनंनं ठिवून घेतलं न्हाई वाटतं." म्हणून शहाणी माणसं मुलाकडे गेली की पटो न पटो, आठ दिवस जास्तच काढतात. आणि इथं एक परका पोरगा काचेआडून, परक्या बाईसमोर, हाच प्रश्न उघड विचारत होता. धर्माजींच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

"किती दिवस म्हणजे?" ते म्हणाले. "आईबापाला दिवस मोजून ठेवणाऱ्यातला नाही माझा मुलगा. तो म्हणतो, दादा, आता तिकडं काय ठेवलंय? कायमचे इथंच राहा. परत जायचं नावच काढू नका."

दुभाषी बाई थांबल्या. त्यांचा चेहरा एकदम आपल्या घरातल्यासारखा झाला. "काका," त्या हळू म्हणाल्या, "नक्की असंच सांगू का?"

"असंच सांगा. शब्दन् शब्द."

मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात धर्माजींनी हे सांगितलं. बाईंनी शब्दन् शब्द भाषांतर केलं, आणि धर्माजींचा पासपोर्ट नकाराच्या छापील चिठ्ठीसकट काचेखालून परत आला.

वास्तविक भरत असं काहीच म्हणाला नव्हता. "दादा, तीन महिने पुरे होतील. घर लहान आहे, आणि थंडीत तुम्हाला करमायचं नाही," असं तो म्हणाला होता. फोन धर्माजींच्या कानाला होता. त्यांनी हे कुशाबाईंनाही सांगितलं नव्हतं.

बाहेर फूटपाथवर कुशाबाई म्हणाल्या, "मी एकली न्हाई जायची. नारायणगावला बी मी कदी एकली गेले न्हाई."

"श्रेयाला कोण आहे तिथं?"

कुशाबाईंनी सातबाराची पिशवी उचलून काखेत मारली. चालता चालता त्या म्हणाल्या, "मंग गावात सरळ सांगू, ह्यांला न्हाई दिला म्हणून."

"काय सांगायचं? कुशाबाई चालली आणि कंट्रोलर राहिला? शाल घेतलीय मी. बातमी आलीय."

गावात उतरले तर संपत हार घेऊन स्टॉपवरच उभा. "मिळाला का व्हिसा?" त्यानं विचारलं. धर्माजी म्हणाले, "मिळाला." एक मिळाला होता, त्यामुळे हे खोटं नव्हतं. कुशाबाईंनी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात धर्माजींनी प्यायला पाणी मागितलं.

निघायच्या दिवशी कुणी विमानतळावर यायचं नाही, सरकारी नियम आहे, असं धर्माजींनी परोपरीनं सांगून पाहिलं. संपतनं एकच जीप आणली, आणि आठच माणसं बसवली, हाच काय तो नियमाचा मान राखला. विमान सकाळचं होतं. धर्माजी पोचवायला आलेल्यांचा पास काढून, गळ्यात हार घालून कुशाबाईंबरोबर आत शिरले, आणि दारातून वळून हात हलवला. आतमध्ये जिथून पुढं पासवाल्याला सोडत नाहीत, तिथं कुशाबाई थांबल्या. त्यांच्या एका हातात लाडवांचा डबा होता. दुसऱ्या हातानं त्यांनी धर्माजींच्या सफारीची बाही धरली होती आणि ती सुटत नव्हती.

"येळच्या येळी जेवा," त्या म्हणाल्या. "आन् झुंबरवन्संला उलटं बोलू नका."

मग त्या गेल्या. बायकोला जगाच्या दुसऱ्या टोकाला एकटी धाडून आपण बहिणीच्या घरी लपायला चाललो आहोत, याची धर्माजींना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. पण बाहेर संपतची जीप होती, म्हणून ती लाज त्यांनी आतच एका बाकावर बसून सोसली. दुपारी जीप हलल्यावर ते बाहेर पडले.

थोरली बहीण झुंबरबाई आंबेगाव तालुक्यात, लोणीला दिलेली. पुण्यावरून फिरून मंचरला येईपर्यंत धर्माजींनी हार काढला, डोक्याला मफलर गुंडाळला आणि काळा चष्मा लावला. मंचरला लोणीच्या गाडीत बसल्यावर कंडक्टर समोर आला. धर्माजींनी मान खाली घालून, एक अक्षर न बोलता खिशातून कार्ड काढून दाखवलं. तो त्यांचा एस.टी.चा निवृत्त कर्मचाऱ्याचा मोफत पास होता. त्यावर नाव होतं, हुद्दा होता आणि विनामफलर फोटो होता. आयुष्यभराची सवय. कंडक्टरनं फोटो पाहिला, मफलर पाहिला आणि काही न बोलता नमस्कार करून पुढं गेला. वेषांतर किती बेमालूम झालंय या समाधानात धर्माजी लोणीपर्यंत झोपले.

झुंबरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "साऱ्या जल्मात लोकांला सांगितलंस गाडी सुटली, गाडी सुटली. आता बस." धर्माजी उलटं बोलले नाहीत.

राहायची सोय कांदे साठवायच्या चाळीला लागून असलेल्या खोलीत झाली. कांद्याच्या फोलपटांनी दोन दिवसांत खोकला सुरू झाला. पण खरी अडचण आवाजाची होती. चेहरा मफलरमध्ये मावत होता, आवाज कशातच मावत नव्हता. "आरं, तू नुसतं पाणी मागितलंस तरी स्टँडवर ऐकू जातंय," झुंबरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी शेजारपाजारी सांगून टाकलं की हे सासरकडचे लांबचे पावणे, नगरकडचे, त्यांनी मौन धरलंय.

मौन धरलेला, दाढी वाढलेला, घराबाहेर न पडणारा आणि मधूनच खोकणारा माणूस पाहिल्यावर लोणीच्या बायकांनी जे करायचं तेच केलं. आधी एक सुनेला पाया पडायला घेऊन आली. तिच्या सुनेची गेले आठ दिवस राहिलेली सर्दी दुसऱ्या दिवशी गेली. मग रीघ लागली. विहिरीला पाणी लागेल का, नवरा नोकरीला चिकटेल का, असे प्रश्न यायचे. धर्माजी घाबरून मान हलवायचे. ती कशीही हलली तरी बायकांना उत्तर मिळायचं. खोलीत नारळांचा ढीग झाला. सत्काराच्या एका नारळापायी इथवर आलेल्या माणसाला रोज दहा नारळ यायला लागले, आणि प्रत्येक नारळागणिक धर्माजी मनातून आणखी खाली जात होते. लबाडी करावी लागली तर माणूस करतो, पण तिच्या पाया पडायला लोक यावेत ही शिक्षा जरा जास्तच होती.

असंच एकदा अंगणात पाच-सहा बायका बसलेल्या असताना झुंबरबाईंचा फोन वाजला. त्यांनी घेतला, ऐकला आणि लांब वायरीसकट तो आणून भावाच्या कानाला लावला.

"मुलगी झाली," पलीकडून कुशाबाई म्हणाल्या. "नाव समृद्धी ठिवायचं म्हणत्यात. थांबा, आवाज ऐका तिचा."

आणि नात रडली. सणसणीत, एका दमात, घराण्याला साजेसं. धर्माजींचा ऊर भरून आला. पोरीला काय काय म्हणावं असं त्यांना वाटत होतं. पण समोर बायका हात जोडून बसल्या होत्या, आणि मौनातला माणूस फोनवर बोलत नसतो. ते नुसते ऐकत राहिले. "अवो, बोला की कायतरी," कुशाबाई तिकडून म्हणत होत्या. नात रडायची थांबली, फोन बंद झाला, आणि एवढा जगजाहीर आवाज असलेल्या आजोबाला आपल्या पहिल्या नातीशी एक शब्दही बोलता आला नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते बायकांनी साक्षात्काराचं समजून घेतलं.

पण आजोबा झाल्याची बातमी पोटात किती ठेवणार? शिवाय ती अमेरिकेहून गावाला कळवणं भागच होतं. दुसऱ्या दिवशी धर्माजी मंचरला गेले, स्टँडसमोरच्या एस.टी.डी. बूथमध्ये दार लावून बसले आणि संपतला फोन लावला.

"संपत, अमेरिकेहून बोलतोय. नात झाली."

"वा वा, कंट्रोलर. पेढे वाटतो गावात," संपत म्हणाला. "आवाज लई खणखणीत येतोय. जवळून आल्यावानी."

"इकडं फोनची सोय उत्तम आहे."

"आन् आता किती वाजलं तिकडं?"

धर्माजींनी घड्याळात पाहिलं. "सव्वाअकरा." मग त्यांच्या लक्षात आलं. "रात्रीचे," ते घाईनं म्हणाले. तेवढ्यात बूथच्या बाहेर एका कंडक्टरनं दारावर थापा मारत 'चला नारायणगाव, आळेफाटा, आळेफाटा' असं ओरडून गाडी हलवली. धर्माजींनी हातानं फोनचं तोंड दाबलं. गाडी गेल्यावर संपतच म्हणाला, "बरं हाय. तब्येतीला जपा. थंडी आसंल," आणि त्यानं फोन ठेवला. संपतला भोळा समजून धर्माजी निर्धास्त परत आले.

मौन सुटलं ते लोणीच्या यात्रेत. जादा गाड्या लागल्या होत्या, आणि कुणीतरी नवशिका माणूस भोंग्यावर असं काही पुटपुटत होता की मंचरची माणसं शिरूरच्या गाडीत आणि शिरूरची मंचरच्या गाडीत चढत होती. धर्माजी खोलीत बसून ऐकत होते. त्यांनी कानात कापूस घातला. मग उशी घेतली. मग एक म्हातारी चुकीच्या गाडीच्या पायरीवर चढताना त्यांना खिडकीतून दिसली, आणि पुढचं त्यांच्या हातात राहिलं नाही. ते धावत गेले आणि त्यांनी माईक हिसकावला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे."

यात्रा जागच्या जागी थबकली. पाळणा थांबला. पाच मिनिटांत दोन्ही गाड्या बरोबर भरून मार्गी लागल्या. मग धर्माजींनी वळून पाहिलं, तर त्यांच्या भक्त बायका ओळीनं उभ्या होत्या. त्यातल्या दोघींनी संध्याकाळी येऊन आपापले नारळ परत नेले. लोणीला पिंपरी पेंढारची माणुसकी नाही, असं धर्माजींना वाटलं. पण यात्रेत आपल्या गावचं एकही माणूस नव्हतं, हे नशीबच म्हणायचं.

तीन महिने झाल्यावर कुशाबाई परतल्या. दाढी काढून, सफारी घालून धर्माजी त्यांना आणायला मुंबईला गेले. माळशेज घाट चढेपर्यंत त्यांनी बायकोकडून अमेरिका पाठ करून घेतली. बर्फ, खारी, कपडे धुवायचं आणि वाळवायचंही यंत्र, रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही, दुकानात भाव करत नाहीत. कुशाबाई सांगत होत्या, पण मधूनच त्यांच्याकडे बघत होत्या. "तुमी लई वाळला," त्या म्हणाल्या. धर्माजी म्हणाले, "बर्फ किती फूट पडतो म्हणालीस?"

एवढी तयारी करून घरी आले, आणि कुणी काही विचारेचना. लोक यायचे, चहा प्यायचे, कुशाबाईंना नातीचं विचारायचे. धर्माजींना विचारायचे ते कांद्याच्या भावाचं. दोन दिवस गेले, चार गेले. एकानंही बर्फाचा विषय काढला नाही. धर्माजींनी आपण होऊन "आमच्या न्यू जर्सीत" अशी सुरुवात केली की समोरच्याला एकदम काम आठवायचं. गावाला माणसाची कदर नाही, असं त्यांचं मत झालं. वर सत्काराचा फलक लागला तो 'सौ. कुशाबाईंचा जाहीर सत्कार' असा. त्यात धर्माजींचं नाव निमंत्रितांतसुद्धा नव्हतं.

पुन्हा तोच मंडप, तीच माणसं. कुशाबाईंना साडी-चोळी मिळाली. त्या दोन वाक्यं बोलून खाली बसल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या धर्माजींना हे सहन होईना. तीन महिने दाबून ठेवलेला आवाज होता तो. ते उठले, व्यासपीठावर गेले आणि त्यांनी माईक हातात घेतला.

"अमेरिकेत आम्ही असताना," त्यांनी सुरुवात केली, "पहाटे उठून पाहावं तर दारात गुडघाभर बर्फ."

मंडपातल्या माणसांनी माना खाली घातल्या. कुणी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होतं, कुणी टोपी काढून तिची घडी तपासत होतं. संपत हारातली फुलं मोजत बसला. धर्माजींना वाटलं, सभा रंगली. तेव्हा पुढच्या रांगेतून ठमाबाई, ज्यांना भाषणातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात मायेनं म्हणाल्या, "कंट्रोलर, लोणीला तुमाला कांद्याच्या फोलपटानं खोकला व्हता. बरा हाय का आता?"

माईक नुसता गुणगुणत राहिला. धर्माजींनी तो खाली ठेवला आणि मंडपाच्या मागच्या बाजूनं उतरले.

संपत त्यांच्या मागोमाग आला. "पयल्याच दिशी कळलं व्हतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मंचरच्या कंडक्टरला तुमी पास दावला. त्याच राती साऱ्या डेपोला ठावं, तिथनं गावाला."

"मग फोनवर का बोलला नाहीस?"

"तुमी लई आनंदात व्हता. नात झालेली. कशाला म्हणलं." तो पुढं म्हणाला, "तीन महिनं आमी लोणीकडं पाऊल टाकलं न्हाई. आपल्या आळीतल्या सोपानच्या पोरीला तिथलं स्थळ आलेलं, बघायला जायाचं फुडं ढकललं. यात्रंला बी कुनी गेलं न्हाई. समोरासमोर पडलो असतो तर तुमी कुटं तोंड लपवलं असतं?"

गाव हसलं असतं तर धर्माजी चिडले असते. कुणी जाब विचारला असता तर त्याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. पण आपण लपलो होतो तेव्हा सगळं गाव आपल्याला लपवत होतं, एका पोरीचं लग्न लांबवून लपवत होतं, याला काय बोलायचं? त्यांना एवढी शरम कधी वाटली नव्हती. ते घरी गेले आणि म्हशीपुढं वैरण टाकून तिथंच बसून राहिले. म्हशीनंही तीन महिने संपतच्या बायकोला दूध दिलं होतं, हे त्यांना त्याच दिवशी कळलं.

पुढच्या आठवड्यात भरतचा फोन आला. "दादा, पुन्हा अर्ज करू. आमचं कार्ड यायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही, आम्हाला निघता येणार नाही. तुम्हीच या. फक्त खिडकीत काय सांगायचं ते नीट सांगा."

त्या संध्याकाळी कुशाबाईंनी त्यांना ओट्यावर उभं केलं आणि स्वतः उंबऱ्याच्या आत पाटावर बसल्या. "मी सायेब," त्या म्हणाल्या. "तुमचा मुलगा तुमाला किती दिवस ठिवून घेनार हाय?"

"तीन महिने," धर्माजी म्हणाले.

"आन् मंग?"

धर्माजींनी घसा खाकरला. मुंबई, नगर, नाशिक, कुठलीही गाडी त्यांनी याच घशानं सोडली होती. हे वाक्य काही केल्या सुटत नव्हतं. कुशाबाई वाट बघत होत्या. खिडकीत पहिल्यांदा ते काय बोलले होते, याबद्दल आजवर त्यांनी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"भरत खरंच तसं म्हणाला नव्हता," धर्माजी अखेर म्हणाले. "कायमचे राहा म्हणून."

"ठावं हाय मला," कुशाबाई म्हणाल्या. "घर बघितलं की मी त्याचं. पाळणा ठिवायला जागा न्हाई तिथं. पोरगा माझ्यापायी तीन महिनं सैपाकघरात झोपला." मग त्यांनी पदर सारखा केला आणि पुन्हा साहेबाचा चेहरा केला. "आन् मंग?"

"मग," धर्माजी म्हणाले, "मग मुलगा मला परत पाठवणार."

"ऐकू न्हाई आलं. मोठ्यांदा बोला."

धर्माजींनी डोळे मिटले. नातीचं ते एका दमातलं रडणं त्यांना आठवलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि ओतूर स्टँडच्या आवाजात, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "तीन महिने झाले की माझा मुलगा मला परत पाठवणार आहे."

मग भिंतीपलीकडून ठमाबाईंचा आवाज आला, "आता आलं ऐकू."